खडूच्या भिंती

माझे भावोजी सुतार आहेत आणि मी विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागात कारकून आहे. दोघांपैकी कुणाचं काम जास्त टिकतं, हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारत नाही. भावोजींनी केलेल्या कपाटाचं दार वीस वर्षांनी उघडलं तरी कुरकुरत नाही. मी टाइप केलेले प्रबंध वीस वर्षांत कुणी उघडलेलेच नाहीत.

धंद्यातले लोक भावोजींना 'खडू' म्हणतात. त्यांच्या शर्टाचा वरचा खिसा कायम पांढरा असतो आणि तो घासून घासून माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, पार मेटाकुटीला आलेली आहे. इतर सुतार गिऱ्हाइकाला कागदावर चित्र काढून दाखवतात. हल्लीचे तर कॉम्प्युटरवर अख्खं घर गरगर फिरवून दाखवतात. भावोजींचं तसं नाही. ते गिऱ्हाइकाच्या घरी जातात, सामान बाजूला करायला लावतात, गुडघ्यांवर बसतात आणि जे बनवायचंय ते खडूने जमिनीवर आखतात. छोटं करून नाही, खऱ्या मापाचं. मग गिऱ्हाइकाला त्यात राहायला लावतात.

राहायला म्हणजे खरोखरच राहायला. आखलेल्या ओट्यापुढे बाईंनी उभं राहायचं, नसलेल्या फळीवरून नसलेला डबा काढायचा, नसलेल्या शेगडीवर नसलेलं पातेलं चढवायचं. आखलेल्या जागेत साहेबांनी स्टूल टाकून पेपर वाचायचा. पहिली पाच मिनिटं दोघंही एकमेकांकडे बघून फिदीफिदी हसतात. अर्ध्या तासात कळतं की बाईंनी खण ओढला की तो साहेबांच्या बरगडीत बसतो. मग भावोजी ओल्या फडक्याने रेघ पुसतात, चार बोटं सरकवून पुन्हा आखतात आणि तेव्हा कुठे करवतीला हात लावतात. लाकूड एकदा कापलं की पुन्हा चिकटत नाही, खडू हजार वेळा पुसता येतो, एवढंच त्यांचं म्हणणं.

यात त्यांचा एकच नियम आहे. आखलेल्या भिंतीतून चालायचं नाही. दारासाठी रेघेत जागा सोडलेली असते, तिथूनच आत यायचं. लोक हमखास विसरतात आणि सरळ रेघ ओलांडून येतात. एरवी चार शब्द बोलायलाही दहा वेळा घसा खाकरणारा हा माणूस तेव्हा कडाडतो, "भिंतीतून कुठे येताय? दार तिकडे आहे!" एकदा एका बँकेच्या मॅनेजरला त्यांनी असा परत फिरवून दारातून आत घेतला होता. ताई मात्र मुद्दाम भिंतीतून जायची. कारखान्यात डबा घेऊन गेली आणि जमिनीवर काही आखलेलं दिसलं की त्यातून फराफरा चालत जाऊन म्हणायची, "आई गं, टेंगूळ आलं की हो मला!" कामगार हसायचे. भावोजी कधी हसले नाहीत. आपला नवरा भारी रुक्ष आहे, असं ताई लाडाने सगळ्यांना सांगायची.

आता आमच्या विभागाकडे वळतो, माझी इच्छा नसली तरी.

विभागाचे प्रमुख, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणतो, अकरा वर्षं मानवी कल्पनाशक्तीवर एक ग्रंथ लिहीत होते. तो मीच टाइप केला, त्यामुळे सरांचा सिद्धांत मला झोपेतून उठवून विचारलात तरी सांगेन. मन हे एक मोठं दालन आहे आणि त्याच्या भिंतींवर चित्रं टांगलेली आहेत. डोळ्यांनी जे पाहिलं त्याच्याच त्या जरा फिकट झालेल्या नकला. कल्पना करायची म्हणजे त्या दालनात जाऊन चित्रासमोर उभं राहायचं. एवढंच. पण हे एवढंच सांगायला सरांना चारशे बारा पानं लागली. सरांची स्वतःची कल्पनाशक्ती कशी आहे, हा मुद्दा ग्रंथात येत नाही. शनिवारी संध्याकाळी कारकुनालाही घरी जायचं असतं, ही कल्पना अकरा वर्षांत त्यांना एकदाही सुचली नाही.

सरांना दोन विरोधक. एक निवृत्त प्राध्यापक, ज्यांना मी मनातल्या मनात कात्रीवाले म्हणतो. त्यांच्या मते माणसाला नवीन काहीच सुचत नाही. सोनं पाहिलेलं असतं, डोंगर पाहिलेला असतो, आठवणीतून दोन्ही कापायचे आणि एकत्र शिवायचे, की झाला सोन्याचा डोंगर. दुसऱ्या आमच्या मॅडम. त्या म्हणतात, मनात चित्रबित्र काही नसतं, कल्पना ही करायची गोष्ट आहे. पोर झाडूवर बसून टबडक टबडक पळतं, तेव्हा ते मनातल्या घोड्याचं चित्र बघत बसत नाही, ते पळतं. या तिघांचं एकमेकांशी इतकं पटायचं की विभागात चहा तीन वेळा, तीन खोल्यांत न्यावा लागायचा.

ग्रंथ छापायला जाण्याआधी सरांनी परिसंवाद ठेवला. सर सोडून, गावोगावचे विद्वान धरून चौदा जण एकाच टेबलाभोवती बसणार होते. खोली होती, विद्वान होते, टेबल तेवढं नव्हतं. "कुणी चांगला सुतार आहे का ओळखीत?" सरांनी विचारलं आणि मी आगाऊपणे तोंड उघडलं. पुढे जे झालं त्याचं सगळं पाप माझ्या डोक्यावर आहे, मी ते नाकारत नाही.

भावोजी आले. खोली पाहिली, खिशातून खडू काढला आणि गुडघ्यांवर बसले. सर जवळजवळ किंचाळलेच. फरशी परवाच घासून चकाचक केलेली होती.

"अहो, हे काय करताय?"

"टेबल आखतो. मग तुम्ही सगळ्यांनी जरा बसून बघा. उठून बघा."

"त्याची काही गरज नाही," सर हसून म्हणाले. "आम्ही कल्पनेचेच अभ्यासक. तेरा फूट लांब, साडेसहा फूट रुंद, कडा गोलसर. मला ते टेबल आत्ता इथे समोर दिसतंय."

सर जिकडे बघत होते तिकडे भावोजींनी पाहिलं. तिथे फरशी होती.

"दिसतंय म्हणजे?"

"म्हणजे दिसतंय. लख्ख. वरच्या पॉलिशची चमकसुद्धा."

"खुर्च्या?"

"खुर्च्याही."

"खुर्चीमागून माणूस बाहेर जातोय, ते?"

"सगळं, सगळं दिसतंय हो," सरांनी माशी हाकलावी तसा हात हलवला.

भावोजी उठून उभे राहिले. विचारू की नको, विचारू की नको, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. शेवटी घसा खाकरून म्हणाले, "सर, डोळ्यासमोर उभं राहतं, डोळ्यासमोर दिसतं, असं लोक बोलतात. मी आजपर्यंत समजत होतो की ती बोलायची रीत आहे. लोकांना खरंच दिसतं?"

सरांच्या हातातला चष्मा हातातच राहिला. "तुम्हाला नाही दिसत?"

"डोळे मिटले की अंधार दिसतो."

पुढचा पाऊण तास सरांनी त्यांना खुर्चीत बसवून ठेवलं. डोळे मिटा, घोडा आणा. अंधार. समुद्र आणा. अंधार. तुमच्या आईंचा चेहरा आणा. भावोजी म्हणाले, "तिच्याबद्दल सगळं सांगता येईल, सर. उंची, चाल, कुठल्या गुडघ्यावर हात टेकून उठायची ते. माहीत आहे सगळं. पण दिसत नाही." सरांचा चेहरा असा काही फुलला होता की मुलीचं लग्न ठरल्याचं कळलं तेव्हाही फुलला नव्हता. ज्याच्या मनाच्या दालनात एकही चित्र नाही, असा माणूस त्यांना अकरा वर्षांत मिळाला नव्हता. आणि तो चक्क मोजमाप घ्यायला स्वतःच्या पायांनी चालत आला होता.

परत जाताना मी म्हटलं, "भावोजी, टेबल मोठं होईल हो त्या खोलीत."

"मलाही तसंच वाटतंय. पण त्यांना दिसतंय ना समोर. ज्याला दिसतंय त्याच्याशी मी न दिसणाऱ्याने काय वाद घालायचा?"

आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी न आखता काम केलं.

टेबल सुरेख झालं. तुकड्यांत आणून त्यांनी ते खोलीतच जोडलं. येणारा जाणारा त्याच्यावरून हात फिरवल्याशिवाय राहत नव्हता. फक्त खोली अकरा फूट रुंद आणि टेबल साडेसहा. दोन्ही अंगांना सव्वादोन सव्वादोन फूट उरले. एवढ्यात माणूस बसला की त्याची पाठ भिंतीला टेकते आणि त्याच्या मागून मांजरसुद्धा जाऊ शकत नाही. दार एका टोकाला. म्हणजे सगळ्यात आतल्या माणसाला बाहेर पडायचं तर अलीकडच्या सगळ्यांनी उठून ओळीने बाहेर यायला हवं.

परिसंवादाच्या दिवशी चौदा विद्वानांना एकामागून एक, तिरकं होऊन, पोट आत ओढून शिरताना मी या डोळ्यांनी पाहिलं. एक लठ्ठ पाहुणे मध्येच अडकले, तेव्हा पुढच्याने ओढलं आणि मागच्याने ढकललं. टेबल मोठं झालं, असं एकही जण म्हणाला नाही. तसं म्हटलं असतं तर कल्पना चुकली असं म्हणावं लागलं असतं, आणि परिसंवाद तर कल्पनेवरच होता. सगळ्यात आत, दाराच्या विरुद्ध टोकाला सर बसले आणि त्यांच्या शेजारी इस्त्रीचा शर्ट घातलेले भावोजी.

ताईलाही मीच बोलावलं होतं. "तुझ्या नवऱ्याला मोठमोठ्या लोकांत बसवलंय, बघायला ये," म्हणालो. भावोजींना सांगितलं नव्हतं, म्हटलं नंतर गंमत करू. ती ठेवणीतले कपडे घालून आली आणि दाराशी माझ्या स्टुलावर बसली. लठ्ठ पाहुण्यांच्या आड असल्याने ती भावोजींना दिसत नव्हती. तिला मात्र मान थोडी वाकडी केली की ते दिसत होते आणि ती सारखी मान वाकडी करत होती.

सुरुवातीचा तासभर मजेत गेला. एक पाहुणे म्हणाले, कल्पना नसेल तर साधं बघताही येणार नाही. हे टेबल घ्या. आपल्याला त्याची वरचीच बाजू दिसते, खालची बाजू तर आपली कल्पनाच पुरवते. भावोजींना वाटलं कामात खोट काढतायत. ते म्हणाले, "खालची बाजूही रंधा मारून गुळगुळीत केलीये, साहेब. हात लावून बघा." कात्रीवाल्यांनी सोन्याचा डोंगर कापला आणि शिवला. मॅडमनी झाडूचा घोडा पळवला. सरांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "आता प्रत्यक्ष प्रयोग."

ते भावोजींकडे वळले. "लग्नाला किती वर्षं झाली?"

"अठ्ठावीस होतील."

"पत्नीवर प्रेम आहे?"

भावोजी कानापर्यंत लाल झाले. "आहे की."

"डोळे मिटा. त्यांचा चेहरा समोर आणा. काय दिसतं?"

भावोजींनी डोळे मिटले. इकडे ताई स्टुलावर नीट सावरून बसली, फोटो काढताना बसतात तशी.

"अंधार," भावोजी म्हणाले.

"कधीतरी दिसला असेल. लांब असताना?"

"नाही. कधीच नाही."

चौदा पेनं कागदावर सरसरली. आता त्या सरसरीत ताईला काय झालं असेल, ते कळायला एक गोष्ट माहीत हवी. लग्नानंतर वर्षभरातच भावोजींना एका मोठ्या हॉटेलच्या लाकूडकामासाठी परगावी जावं लागलं. दोन वर्षं चार महिने ते तिकडे होते. दर आठवड्याला पत्र यायचं आणि प्रत्येक पत्रात ती एक ओळ असायचीच, 'रोज तुझा चेहरा डोळ्यासमोर उभा राहतो.' ताई मला ती पत्रं वाचून दाखवायची आणि ती ओळ आली की गाळायची. मी पोरवयात होतो, पण मला ओळ पाठ होती, कारण ताई घरात नसताना मी पत्रं चोरून वाचायचो. अजून ती सगळी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहेत.

ताई उठून उभी राहिली. "मग पत्रांत काय लिहीत होतात?"

सगळ्या माना दाराकडे वळल्या. भावोजींनी डोळे उघडले आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते गडबडून म्हणाले, "अगं, पत्रात तसं लिहितात ना. पत्रास कारण की, असं लिहितात, तसं."

याहून वाईट उत्तर चौदा विद्वानांनी मिळून विचार केला असता तरी सुचलं नसतं. ताई वळली आणि निघून गेली.

भावोजी उठले. पण जाणार कुठून? डावीकडे सात विद्वान, उजवीकडे सात, सगळ्यांच्या पाठी भिंतीला. "जरा उठता का? जरा जाऊ द्या," ते म्हणत होते. "एक मिनिट, एवढा मुद्दा पुरा करतो," शेजारचे म्हणाले. लठ्ठ पाहुण्यांनी उठायचा प्रामाणिक प्रयत्न केला, पण ते टेबल आणि भिंत यांच्यात पाचरीसारखे बसले होते. खडूची गोष्ट माझ्याकडून ऐकलेल्या मॅडम सरांना मोठ्याने सांगत होत्या, "यांना आधी खडूने आखू का दिलं नाही तुम्ही? यांची कल्पना डोक्यात नाहीये, त्या खडूत आहे!" सर म्हणाले, "प्रश्न शेवटी घेऊ."

तेव्हा माझे भावोजी, छप्पन्न वर्षांचे, इस्त्रीच्या शर्टातले, खाली वाकले आणि स्वतः बनवलेल्या टेबलाखाली शिरले. चौदा जोड्या बुटांमधून ते रांगत निघाले. वरून सरांचा आवाज आला, "नोंद घ्या. प्रतिमा शून्य, पण भावना शाबूत." मी पाहुण्यांना नको ते शब्द वापरले असं नंतर माझ्यावरच्या ठपक्यात लिहिलं होतं, ते खरं आहे. भावोजी दाराशी बाहेर आले तेव्हा त्यांच्या गालाला बुटाचं पॉलिश लागलं होतं आणि ताई केव्हाच रस्त्याला लागली होती.

त्यानंतर नऊ दिवस ताई त्यांच्याशी बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. मी रोज कचेरीतून सुटलो की त्यांच्याकडे जायचो. भावोजी दोन हातांच्या अंतरावर बसलेले असायचे आणि ताई मला सांगायची, "त्यांना म्हणावं, ताट वाढलंय." भावोजी मला म्हणायचे, "तिला सांग, जेवतो." कारखाना बंद होता. पत्र्याचा डबा टेबलावर उघडा पडलेला असायचा. एकशे एकोणीस पत्रं होती, तिने मोजली होती.

"दोन वर्षं चार महिने मी त्या एका ओळीवर काढले रे," ती एकदा मला म्हणाली. "सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, हाताशी कुणी नाही. दमून पडले की म्हणायचे, असू दे, आत्ता आपण कुणाच्या तरी डोळ्यासमोर आहोत. आणि तिथे नुसता अंधार होता."

ज्याला काही सुचत नाही तो दुसऱ्याचं बोलतो. मी आयुष्यभर टाइप केलेले सिद्धांत एकेक करून बाहेर काढले. आधी कात्रीवाल्यांचा काढला, की ताई, कुणाच्याच मनात अख्खं माणूस नसतं, आठवणीचे तुकडे शिवलेले असतात. "म्हणजे मी चिंध्यांची?" ताई म्हणाली. मी तो घाईघाईने परत ठेवला. मग पाहुण्यांचा काढला, की न दिसणारी बाजू आपली कल्पनाच पुरवते. ती म्हणाली, तुझ्या पाहुण्यांना टेबलाखालची बाजू दिसायला हवी होती, माझा नवरा होता तिथे. शेवटी मॅडमचा काढला. "चित्र महत्त्वाचं नसतंच म्हणे, माणूस काय करतो ते महत्त्वाचं."

"मग काय केलं त्यांनी तिकडे दोन वर्षं? विचार ना."

मी भावोजींकडे पाहिलं. ते म्हणाले, "काम केलं. दुसरं काय करणार?"

कपाळावर हात मारून घेण्यापलीकडे माझ्या हातात काही राहिलं नव्हतं. त्यातच सरांनी ग्रंथाचं सातवं प्रकरण नव्याने लिहायला घेतलं. नाव ठेवलं 'रिकामं दालन'. माझ्याकडूनच त्यांनी बेचाळीस प्रश्नांचा फॉर्म टाइप करून घेतला आणि रविवारी दुपारी चारला स्वतः घरी येऊन नवरा-बायको दोघांकडून भरून घेणार असं ठरवून टाकलं. सतरावा प्रश्न होता, 'पत्नीचा चेहरा दिसत नसताना आपण कामावरून घरी का परतता?' हा प्रश्न टाइप करताना माझ्या हातून यंत्राची एक कळ तुटली.

रविवारी तीनच्या सुमाराला पॉलिशवाला आला. भावोजींनी बनवायचं आणि याने चमकवायचं, अशी यांची तीस वर्षांची जोडी. हॉटेलच्या कामालाही दोघं बरोबर होते. कारखाना का बंद आहे, हे विचारायला तो तणतणतच आत आला आणि मी त्याला सगळं सांगितलं.

"चेहरा दिसत नव्हता म्हणून वहिनी रुसल्या?" तो म्हणाला. "रुसायचं तर मी रुसायला हवं, वहिनी! तिकडे आम्ही पाच माणसं एका खोलीत राहत होतो. पाच! आणि या महाशयांनी पहिल्याच दिवशी निम्मी जमीन खडूने अडवली. काय, तर म्हणे माझं घर आहे. इथे पलंग, इथे शेगडी, इथे मोरी. त्यातून कुणी चालायचं नाही. जायचं तर दारातून. रेघ पुसट झाली की हे कामावरून येऊन आधी ती आखणार, मग हातपाय धुणार. शेगडीपुढे तर मला बूड टेकू दिलं नाही कधी. का, तर तिथे ती उभी असते! दोन वर्षं मी पाय लांब करून झोपलो नाही, वहिनी. गुडघे पोटाशी घेऊन झोपलो. हे बघा, अजून सरळ होत नाहीत."

त्याने खरंच गुडघा पुढे केला.

ताई भावोजींकडे वळली. नऊ दिवसांत पहिल्यांदाच. "खरं?"

"जागा कमी होती, हे खरं आहे," भावोजी अपराधी चेहऱ्याने म्हणाले. "त्यांची गैरसोय झाली."

"मला का नाही सांगितलंत?"

"त्यात काय सांगायचं? सगळ्यांना डोळे मिटून जमतं ते, असं मला वाटलं... नाही, तसंही नाही वाटलं तेव्हा. आखल्याशिवाय मला कळायचं नाही तू कुठे आहेस ते. म्हणून आखायचो."

ताईने त्यांच्या पांढऱ्या खिशाकडे बोट केलं. मग म्हणाली, "आखा."

आम्ही खुर्च्या भिंतीला लावल्या, टेबल पत्र्याच्या डब्यासकट बाजूला सरकवलं. भावोजी गुडघ्यांवर बसले आणि खडू चालू लागला. ते पहिलं घर त्यांनी कधीच सोडलंय, त्या जागेवर आता दुसरीच इमारत आहे. पण माझ्यासमोर ते फरशीवर एकेक वीत वर येत गेलं. दहा बाय बाराची खोली, पलंग, सासूबाईंची खाट, कोपऱ्यात ओटा. टेप त्यांनी एकदाही काढला नाही.

"खिडकी डावीकडे होती," ताई म्हणाली. "मला लख्ख दिसतीये."

"उजवीकडे. सकाळचं ऊन तुझ्या उजव्या गालावर यायचं, म्हणून तू मान अशी करून काम करायचीस."

ताईने डब्यातून जुना फोटो काढला, खिडकीशी उभ्या असलेल्या सासूबाईंचा. पाहिला आणि परत ठेवला. खिडकी उजवीकडे होती.

"आणि मी?" तिने विचारलं.

भावोजींनी ओट्यापुढे दोन पावलं आखली. उजवं सरळ, डावं चार बोटं पुढे आणि बाहेर वळलेलं.

"असं कोण उभं राहतं? बदकासारखं?" ताई म्हणाली आणि नीट कसं उभं राहायचं ते दाखवायला ओट्यापुढे जाऊन उभी राहिली. जाताना ती दारातून गेली की भिंतीतून, ते मी पाहिलं नाही, कारण मी पावलांकडे बघत होतो. तिचे पाय जिथे पडायचे तिथे पडले. उजवा सरळ, डावा चार बोटं पुढे, बाहेर वळलेला. तिने खाली पाहिलं. पॉलिशवाला नाक शिंकरत खिडकीकडे गेला. मला रडू आलं, त्यात लपवायचं काय?

"पाय मोठे झालेत माझे," ताई म्हणाली. बोटं रेघेबाहेर येत होती.

भावोजींनी ओलं फडकं घेतलं. "हलू नकोस," म्हणाले आणि तिच्या पायांशी बसून जुनी रेघ पुसून नवी आखू लागले.

तेवढ्यात चार वाजले. बाहेरचं दार उघडंच होतं. बेचाळीस प्रश्नांचे दोन फॉर्म हातात धरून सर आत आले आणि "नमस्कार, नमस्कार" करत तडक ताईच्या दिशेने निघाले.

"अहो सर!" ताई अशी कडाडली की पॉलिशवाला दचकला. "भिंतीतून कुठे येताय? दार तिकडे आहे!"

सर एक पाय उचललेला ठेवूनच थांबले. त्यांनी खाली रेघेकडे पाहिलं, मग ताईकडे पाहिलं. पाय मागे घेतला. मग चारशे बारा पानांचा तो विद्वान माणूस पलंग, मोरी, सासूबाईंची खाट, सगळ्याला भिंतीच्या कडेकडेने वळसा घालत, रेघेत फट कुठे आहे ते शोधत गेला. फट सापडल्यावर तिच्यासमोर उभा राहिला, आणि आत यायच्या आधी टकटक करायला त्याने हात उचलला.

"या," ताई म्हणाली. आपल्या जागेवरून मात्र ती हलली नाही.